दरपत्रक

रंगनाथकाकांनी चष्मा कपाळावर सारला
आणि कागद माझ्यापुढे ढकलला :
तू बँकेत आहेस, तू वाच. सावकाश वाच.

झिंबाब्वे. दहा दिवस.
एक परवानाधारक शिकारी, एक स्वयंपाकी,
एक माग काढणारा, त्याचं नाव दिलेलं नाही.
निम्मे पैसे आगाऊ.
काका ओळीखाली बोट फिरवत होते, सातबारा बघावा तसं.
रानरेड्याला थांबले. आकडा रुपयांत करायला लावला,
मग पाणी मागितलं.
झेब्रा त्यांच्या मते स्वस्त.
बबून जवळजवळ फुकट.
"फुकट का?"
लिहिलेलं नाही, मी म्हटलं.

टेबलावर पासपोर्ट, पिवळ्या तापाच्या लशीची चिठ्ठी,
काकूंनी मुद्दाम मधोमध ठेवलेलं बीपीचं मशीन.
कॅम्पातल्या शिंप्यानं चौसष्टाव्या वर्षीचं पोट मोजून नेलंय,
सहा खिशांची खाकी पँट गुरुवारी मिळेल.
बंदूक तिकडेच भाड्यानं.
घरची बारा बोअर निवडणुकीपायी
हडपसरच्या ठाण्यात जमा आहे,
पावती पाकिटात, म्हसोबाच्या फोटोमागे.

हा चौदावा मजला.
खाली निळा पोहायचा तलाव,
तिथंच आपली विहीर होती, काका म्हणतात.
काकू म्हणतात, विहीर तिकडं, जिमखाली.
हे भांडण दिवसाआड होतं
आणि दोघंही गॅलरीतून बोट दाखवतात.

डोकं कुठं लावायचं, हा प्रश्न होताच.
इंटिरिअरवाल्या पोरानं भिंत टकटक वाजवली
नारळ वाजवून घेतात तशी.
म्हणाला, पोकळ ब्लॉक आहे, काका.
टीव्ही धरेल. रेडा नाही धरणार.
त्या दिवशी काका जेवताना बोलले नाहीत.

मग शेवटचं पान, बारीक अक्षर :
जनावर जखमी होऊन निसटल्यास पूर्ण रक्कम देय.
जमिनीवर रक्ताचा एक थेंब दिसला
तरी शिकार झाली असं धरलं जाईल.

परत वाच.

मी परत वाचलं.

काका उठले, एसी बंद केला, बसले.
म्हणाले, कायदा यायच्या आदल्या हिवाळ्यात
आबांनी दिवे घाटाच्या अंगाला डुकरावर बार टाकला.
मी दहा वर्षांचा. कंदील माझ्याकडं.
करवंदीच्या पानावर रक्त, मग दगडावर, मग नुसत्या धुळीत.
थेंबाला मुंग्या लागलेल्या,
त्यांच्यावरनंच कळायचं पुढं कुठं गेलंय ते.
ओढ्यात मुंग्या संपल्या.
दुसऱ्या दिवशी गेलो. तिसऱ्या दिवशी आबा एकटेच गेले.
घरात भाकरी थापलेली, कुणी तोडली नाही.

गावलं?

नाय.

मी हिशेबी माणूस, तोंडातून निघून गेलं :
मग तेव्हा रक्कम कुणाला दिली?
काका हसतील असं वाटलं होतं.
त्यांनी कागद उलटा केला, मागं कोरा होता,
परत सुलटा केला.

बराच वेळ लिफ्टचा आवाज तेवढा येत राहिला.
काकूंनी येऊन मशीनचा पट्टा दंडाला गुंडाळला.
काकांनी दंड पुढे केला, नजर कागदावरच.

"एक ईमेल टाक," ते म्हणाले.
"त्या माग काढणाऱ्याचं नाव काय, विचार.
आणि निसटलेल्याच्या मागं तो किती दिवस जातो."
हे कराराला लागत नाही, मी म्हटलं.
"मला लागतं."
मी लिहिलं, जमेल तितक्या नम्र इंग्रजीत.

सकाळी उत्तर आलं होतं.
आपल्या उत्सुकतेबद्दल आभार.
महिनाअखेर नोंदणी केल्यास रेड्यावर दहा टक्के सूट.

काकांनी ऐकलं, चष्मा खाली ओढला,
माझ्या फोनकडे एकटक पाहिलं.

"नाव विचारलंय," ते म्हणाले.
"परत लिही."